रक्तातील साखरेचा ताळेबंद

जबलपूर शहरातील गढा हा भाग म्हणजे गोंड राजवटीची जुनी राजधानी. मदनमहालाची टेकडी आजही त्या वैभवाची साक्ष देते. याच गढ्यात नागपूर रस्त्यावर १९५५ साली सुरू झालेले नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय आहे. कोणत्याही मोठ्या रुग्णालयाप्रमाणे येथेही सकाळी उपाशीपोटी रक्त देण्यासाठी आलेली मंडळी दिसतात. रक्त द्यायचे, सोबत आणलेला डबा खायचा आणि दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचे, हा क्रम मधुमेही कुटुंबांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. अहवाल हाती पडल्यावर मात्र एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘रात्रीपासून पोटात अन्नाचा कण नाही, मग एवढी साखर आली कोठून?’ पुढच्या खेपेला अहवाल चांगला यावा म्हणून कित्येकजण आदल्या रात्रीचे जेवणच टाळतात. हा उपाय निरुपयोगी तर आहेच, प्रसंगी तो धोक्याचाही ठरतो. असे का, हे समजण्यासाठी शरीरातील साखरेचा हिशेब पाहिला पाहिजे.

काउंटरवरील रोकड आणि तिजोरी

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. निरोगी व्यक्तीच्या या सर्व रक्तात एका वेळी जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा भरेल एवढीच साखर असते. याउलट एकट्या मेंदूलाच दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम साखर लागते. शिल्लक एवढी अल्प आणि उलाढाल एवढी मोठी, हे गणित जुळते कसे?

बँकेत काउंटरवर मोजकीच रोकड ठेवली जाते. ती वाढली की तिजोरीत जाते आणि कमी पडली की तिजोरीतून येते. शरीरातील ही तिजोरी म्हणजे यकृत. जेवणानंतर वाढलेली साखर यकृत ग्लायकोजेनच्या रूपाने साठवते. हा साठा साधारण १०० ग्रॅमपर्यंत असतो. स्नायूंमध्येही मोठा साठा असतो, परंतु तो त्यांच्या स्वतःच्याच खर्चासाठी राखीव असतो. तेथील साखर थेट रक्तात परत येऊ शकत नाही. त्याहूनही जास्त झालेल्या ऊर्जेची चरबीच्या रूपाने दीर्घ मुदतीची ठेव होते.

जमा करणारा एक, काढणारे अनेक

हा सारा व्यवहार संप्रेरकांच्या आदेशानुसार चालतो. जठराच्या मागे असलेल्या स्वादुपिंडात पेशींचे लहान लहान पुंजके असतात. पॉल लँगरहान्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८६९ मध्ये त्यांचे वर्णन केले. त्यांतील बीटा पेशी इन्सुलिन स्रवतात, तर शेजारच्याच अल्फा पेशी ग्लुकागॉन स्रवतात.

जबलपूरची प्रसिद्ध खव्याची जिलेबी पोटात गेली, की साखर रक्तात पुरेशी पोहोचण्यापूर्वीच आतड्यातून जीएलपी-१ सारखी संप्रेरके स्वादुपिंडाला आगाऊ सूचना धाडतात. त्यामुळे इन्सुलिन वेळेवर बाहेर पडते. ते स्नायू आणि चरबीच्या पेशींना साखर आत घेण्यास लावते, यकृताला साठा करण्याचा आदेश देते आणि ग्लुकागॉनला आवर घालते.

जेवणानंतर काही तासांनी उलटा प्रवास सुरू होतो. साखर प्रति डेसिलिटर ८० मिलिग्रॅमच्या आसपास उतरली, की प्रथम इन्सुलिनचा स्राव घटतो. ती ७० च्या खाली जाऊ लागली, की ग्लुकागॉन आणि अ‍ॅड्रेनलिन यकृताची तिजोरी उघडतात. ग्लायकोजेन पुरेनासा झाला, तर यकृत अमिनो आम्लांपासून नवी साखर घडवू लागते. कॉर्टिसोल आणि वाढीचे संप्रेरक यांचा परिणाम सावकाश, काही तासांनी जाणवतो, पण तो अधिक काळ टिकतो.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. साखर वाढवणारी संप्रेरके अनेक आहेत, पण ती प्रभावीपणे उतरवणारे इन्सुलिन एकटेच आहे. मानवाने हजारो वर्षे उपासमार सोसली, त्यामुळे साखर कमी पडू नये यासाठी शरीराने भक्कम तजवीज केली. अतिरेकी सुबत्तेसाठी मात्र एकाच शिलेदारावर भिस्त राहिली. तो थकला, की सारा ताळेबंद कोलमडतो.

पहाटेचा हिशेब

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. उपाशीपोटी रक्तात आढळणारी साखर बव्हंशी आदल्या रात्रीच्या ताटातील नसून रात्रभर यकृताने पुरवलेली असते. पहाटे शरीराला जागृतीसाठी सज्ज करताना कॉर्टिसोल आणि वाढीचे संप्रेरक यांचा प्रभाव वाढतो आणि यकृत अधिक साखर सोडते. निरोगी माणसात इन्सुलिन थोडे वाढून तोल सावरते. मधुमेहात ते अपुरे पडते किंवा यकृत त्याचा आदेश जुमानत नाही. म्हणून न जेवताही आकडा चढतो. ताप, जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया अथवा तीव्र मानसिक ताण यांतही हेच घडते. आजारपणात जेवण घटले म्हणून स्वतःच्या मनाने इन्सुलिन बंद करणे घातक ठरते, ते याचमुळे.

इन्सुलिनचा आदेश न जुमानण्याच्या या प्रवृत्तीला इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात. भारतीयांच्या बाबतीत या विषयावर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मोलाचे संशोधन केले आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि ब्रिटिश संशोधक डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. ‘मी तर सडपातळ आहे, मला कसला मधुमेह?’ या समजुतीला यापेक्षा समर्पक उत्तर सापडणे कठीण.

तिजोरी उघडत नाही तेव्हा

शरीराचे स्वतःचे इन्सुलिन साखर उतरताच थांबते. टोचून घेतलेले इन्सुलिन मात्र थांबत नाही. काही गोळ्याही साखर उतरल्यानंतर स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढतच राहतात. अशा वेळी एकादशीचा वा नवरात्राचा उपवास घडला किंवा रात्रीचे जेवण चुकले, तर साखर धोकादायक पातळीला उतरू शकते. घाम, थरथर, धडधड आणि भूक ही अ‍ॅड्रेनलिनने वाजवलेली धोक्याची घंटा होय. दीर्घकालीन मधुमेहात ही घंटाही क्षीण होते आणि रुग्ण एकदम गोंधळतो किंवा बेशुद्ध पडतो. साखर ७० च्या खाली आढळल्यास रुग्ण शुद्धीवर असताना सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर वा ग्लुकोज पाण्यातून द्यावे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये, तिला तत्काळ रुग्णालयात न्यावे. उपवास करावयाचा असल्यास औषधांच्या मात्रेविषयी डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्यावा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असून आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक, अथवा मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी दर्शवणारे एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक असल्यास, आणि फेरतपासणीतही तसेच आढळल्यास, मधुमेहाचे निदान केले जाते. जेवणानंतरचे चालणे येथे फार उपयोगी पडते, कारण कार्यरत स्नायू इन्सुलिनच्या फारशा मदतीविनाही साखर उचलतात आणि एकट्या शिलेदाराचा भार हलका होतो.

खातेपुस्तकातील नोंद खटकली, तर सुज्ञ खातेदार पान फाडत नाही. तो व्यवहार तपासतो. सकाळचा आकडा लपवण्यासाठी रात्री उपाशी झोपणे म्हणजे ते पान फाडणेच होय. नेहमीप्रमाणे जेवून, नेहमीची औषधे घेऊन केलेली तपासणीच डॉक्टरांपुढे खरा हिशेब मांडते, आणि खऱ्या हिशेबावरूनच योग्य उपचार ठरतो.