आत्मकथनातील दोन ‘मी’ : ‘वाइल्ड’च्या माध्यमांतराच्या निमित्ताने

साहित्यकृतीवरून चित्रपट निर्माण होतो तेव्हा आपल्याकडील चर्चा बहुधा ‘काय गाळले आणि काय ठेवले’ एवढ्यावरच थांबते. आत्मकथनाच्या बाबतीत मात्र अडचण निराळी असते. आत्मकथनात दोन ‘मी’ नांदत असतात : एक प्रत्यक्ष भोगणारा आणि दुसरा पुष्कळ वर्षांनी मागे वळून लिहिणारा. कॅमेऱ्यासमोर पहिल्याला उभे करता येते; दुसऱ्याला कोठे ठेवावयाचे? अमेरिकन लेखिका शेरिल स्ट्रेड यांचे ‘वाइल्ड’ (२०१२) हे आत्मकथन आणि त्यावरील जाँ-मार्क व्हॅले दिग्दर्शित त्याच नावाचा चित्रपट (२०१४) यांच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

लेखिकेची आई १९९१ मध्ये वयाच्या ४५ व्या वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने गेली. निदान झाल्यापासून मृत्यूपर्यंत जेमतेम सात आठवडे गेले. त्यानंतर कुटुंब विखुरले, लेखिकेचा विवाह मोडला, हेरॉइनशीही संबंध आला. घटस्फोटाच्या वेळी तिने स्वतःसाठी ‘स्ट्रेड’ हे आडनाव निवडले. त्याचा अर्थच ‘भरकटलेली’ असा आहे. १९९५ च्या उन्हाळ्यात, वयाच्या २६ व्या वर्षी, कोणताही पूर्वानुभव नसताना ती पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या पायवाटेवर एकटी निघाली. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत ही वाट सुमारे ४,२६५ किलोमीटर लांब आहे. तीपैकी कॅलिफोर्नियातील मोहावेपासून ऑरेगन-वॉशिंग्टन सीमेवरील ‘ब्रिज ऑफ द गॉड्स’ या पुलापर्यंतचा सुमारे १,१०० मैलांचा टप्पा तिने निवडला होता. त्या वर्षी सिएरा नेवाडा पर्वतात बर्फ फार असल्याने मधला भाग तिला वाहनाने ओलांडावा लागला.

ही पदयात्रा आणि पुस्तक यांत सतरा वर्षांचे अंतर आहे, आणि पुस्तकाचे खरे बळ या अंतरातच आहे. चालताना आपण शांतपणे आईचा विचार करू, रडू, मोकळे होऊ, अशी त्या तरुणीची कल्पना होती. प्रत्यक्षात सोललेले खांदे, काळीनिळी झालेली नखे, पाण्याची चिंता आणि डोक्यात घोळत राहणारे गाण्यांचे तुकडे यांनीच मन व्यापून टाकले. दुःखाला जागाच उरली नाही! चालण्याने दुःख बरे होते, असे या पुस्तकाविषयी सरसकट म्हटले जाते, ते म्हणूनच अपुरे वाटते. चालण्याने शरीराला काम दिले. त्या कामाचा अर्थ लावला तो पुढे लेखनाने.

पटकथाकार निक हॉर्नबी आणि दिग्दर्शक व्हॅले यांनी लिहिणाऱ्या ‘मी’ची जबाबदारी मुख्यतः संकलनावर सोपविली आहे. चित्रपट मोहावेत सुरू होत नाही. तो प्रवासाच्या मध्यावर, डोंगरकड्यावरून बूट खाली पडतो त्या क्षणी उघडतो. तेथून पुढे स्मृती सलग पूर्वदृश्यांच्या रूपाने येत नाहीत. एखादा आवाज, अर्धवट गुणगुणलेली ओळ, एखादी हालचाल, आणि क्षणार्धात आईचा चेहरा दिसून नाहीसा होतो. सायमन आणि गारफंकेल यांचे ‘एल काँडोर पासा’ हे गाणे असेच पुनःपुन्हा, तुटक तुटक ऐकू येते. पुस्तकातील डोक्यात वाजणाऱ्या गाण्यांना सापडलेला हा नेमका दृक्‌श्राव्य पर्याय आहे. परंतु त्यामुळे एक बदलही घडतो. जेथे पुस्तकात वेदनेने स्मृतीला मागे सारले होते, तेथे चित्रपटात पावलागणिक स्मृती येते. प्रेक्षकाला दुःख सतत दिसत राहते, आणि चालणे हाच त्यावरील उपाय भासू लागतो.

याउलट शरीराच्या बाबतीत चित्रपट पुस्तकाच्या बरोबरीने उभा राहतो. मोटेलच्या खोलीत पाठीवरची प्रचंड पिशवी उचलताना रीस विदरस्पून जमिनीवर आडवी होते, कलंडते, कशीबशी उठते. या प्रसंगात संवादाची गरजच भासत नाही. आईच्या भूमिकेतील लॉरा डर्न ही विदरस्पूनपेक्षा केवळ नऊ वर्षांनी मोठी. आई आणि मुलगी एकाच वेळी महाविद्यालयात शिकत होत्या, हा मूळ तपशील त्यामुळे अधिकच खरा वाटतो. या दोघींना २०१५ च्या ऑस्करसाठी अनुक्रमे प्रमुख आणि साहाय्यक अभिनेत्री म्हणून नामांकने मिळाली. सावत्र वडील आणि बहीण यांना मात्र चित्रपटात स्थान नाही. कुटुंब विखुरणे हे पुस्तकातील दुसरे दुःख होते. ते येथे पुसट झाले आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ही हानी किरकोळ नाही.

लिहिणारा ‘मी’ दोन ठिकाणी मात्र उघडपणे डोकावतो. वाटेवरील नोंदवहीत नायिका एखाद्या कवीची ओळ लिहिते आणि कवीच्या नावाशेजारी स्वतःचेही नाव घालते. वाचक असलेली ही मुलगी पुढे लेखिका होणार, हे तेवढ्याने सूचित होते. दुसरे ठिकाण शेवटच्या पुलावरचे. तेथे पार्श्वनिवेदनातून पुढील विवाह, मुले, येणारी वर्षे अचानक सांगितली जातात. पुस्तकाच्या अखेरीस हेच सारे येते; पण तेथे तो आवाज वाचकाच्या पहिल्या पानापासून ओळखीचा असतो. चित्रपटात तो पुलापाशी प्रथमच पुरता उमटतो, आणि उमटताच पडदा काळा होतो.