करंट जातो कुठे?
जुनी गाडी, जुनं इंजिन : लेखांक ६

मागच्या आठवड्यात पॉइंटचं अंतर लावायला शिकलो. आता जून ते सप्टेंबर हमखास येणारी तक्रार घेऊ. रात्रभर रिमझिम झाली की सकाळी पद्मिनी सेल्फ मारून मारूनही उठत नाही. उठली तर मिसिंग मारते, चढावर झटके देते. दुपारी ऊन पडल्यावर गॅरेजला न्यावी, तर तिला काही झालंच नव्हतं अशी चालते. मिस्त्री प्लग साफ करतो, कॉइल बदलतो, कंडेन्सर बदलतो. पुढच्या झडीला पुन्हा तेच.

दोष हजर नसताना पार्ट बदलणं म्हणजे अंधारात दगड मारणं. प्रीमियर पद्मिनी बनायची थांबून दोन दशकांच्या वर झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेला चांगला भाग केवळ संशयावरून काढून टाकणं माझ्या तरी जिवावर येतं.

आधी करंटची वाट समजून घेऊ. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये वाढून काही हजारांवर जातात. तिथून जाड टेन्शन वायरने डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये, रोटरवरून चार वायरींत आणि शेवटी प्लगवर. चार सिलिंडरच्या इंजिनात ३००० फेऱ्यांना मिनिटाला ६००० ठिणग्या पडतात, म्हणजे सेकंदाला १००. एवढ्या दाबाच्या करंटला प्लगच्या फटीपेक्षा सोपी वाट दिसली की तो तिकडेच पळतो.

दोष एकट्या पावसाचा नसतो. स्वच्छ पाणी करंटचं फारसं चांगलं वाहक नाही. धूळ, तेलाचा थर आणि ओल एकत्र आली की वाट तयार होते. सेनगाव भागात उन्हाळाभर काळ्या रानाची बारीक माती उडते. त्याआधी सोयाबीन आणि तुरीच्या मळणीचा भुसा बॉनेटखाली जाऊन बसलेला असतो. वर इंजिनच्या तेलाची वाफ. हा थर मे महिन्यात कोरडा, म्हणून गाडी ठणठणीत. मृगाची ओल लागली की तोच थर करंटला रस्ता देतो. त्यामुळे खरी दुरुस्ती पावसाळ्याआधीच व्हायला हवी: कॅप, वायरी, कॉइलचं तोंड आणि प्लगची पांढरी चिनी माती कोरड्या सुती फडक्याने पुसून घ्यावी.

तरीही दोष राहिला तर तो मुद्दाम बोलावून घ्यायचा. अंधार पडू द्या. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, पेट्रोलचा वास किंवा गळती कुठेही नाही याची खात्री केलेली. इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा आणि रोपांवर फवारतो त्या छोट्या पंपाने नुसतं धुकं मारा, धार नाही. आधी फक्त वायरींवर. काही झालं नाही तर कॅपवर, मग कॉइलच्या तोंडावर. एका वेळी एकच जागा, आणि मधल्या वेळेत ती पुसून कोरडी करायची. जिथे गळती आहे तिथे निळसर ठिणगी सरपटताना दिसते, टकटक आवाज येतो आणि त्याच क्षणी इंजिन अडखळतं. वायरींना हात मात्र लावू नका. झटका जबर बसतो, आणि दचकून हात पंख्यात जाण्याची भीती वेगळीच.

कॅप सापडली तर क्लिपा सोडून ती काढा आणि उजेडात आतून तिरकी धरून पाहा. दोन पितळी टोकांमध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी केसाएवढी काळी रेघ दिसली, तर करंटने तिथे जळून कायमची वाट केली आहे. पुसून, घासून ती जात नाही. पावसाळा निभावायचा तर कॅप बदलावीच लागते. मधली कार्बनची कांडी स्प्रिंगवर वरखाली होते का आणि रोटरला चीर आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्या. मल्टीमीटरवर विसंबू नका. तो वायर आतून तुटली आहे का ते सांगतो. पण त्याचा स्वतःचा दाब इतका कमी, की हजारो व्होल्टला होणारी गळती त्याला दिसतच नाही.

न्यूट्रलला नीट चालणारी गाडी सेनगावहून येलदरीमार्गे जिंतूरकडे निघाल्यावर चढालाच का अडखळते? अॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये दाब वाढतो आणि ठिणगी पाडायला जास्त व्होल्ट लागतात. तेवढे वाढले की कमजोर जागी गळती सुरू. झिजून फट वाढलेले प्लगही हाच त्रास देतात, म्हणून कॅप मागवण्याआधी प्लगची फट फिलर गेजने तपासा.

उलट, कोरड्या दिवशीही गाडी तापल्यावर बंद पडत असेल आणि थंड झाल्यावर पुन्हा चालू होत असेल, तर ओलीला दोष देऊ नका. तिथे कॉइल, कंडेन्सर किंवा पेट्रोलची वाफ धरणं, यांचा शोध घ्यायचा.

राहिलं पेट्रोल. करंटचा दोष खाडकन येतो. पेट्रोलचा बहुधा दम कोंडल्यासारखा हळूहळू. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉलसकट खाली बसतं, आणि पेट्रोलचा पाइप तळाजवळूनच ओढतो. महिनाभर उभी राहिलेली गाडी असेल, तर टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून, विस्तवापासून दूर, तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून धुवावी आणि कार्ब्युरेटरची वाटीही उघडून साफ करावी.

पुढच्या आठवड्यात : बॅटरी, अर्थिंगची पट्टी आणि गंजलेले नट.