पाच व्होल्ट आले, पुढे काय?

साहित्य मंडळाच्या अंकात इलेक्ट्रॉनिक्स कुठून आलं, असं वाटेल. आलं ते माझ्या मैत्रिणीमुळे. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा एका मुलाखतीत तिला ७८०५ बद्दल विचारलं आणि ती अडली. प्रॅक्टिकलला याच प्रयोगात तिला पूर्ण मार्क होते.

७८०५ हा तीन पायांचा छोटा आयसी. कोठीच्या गुजराती गल्लीत थोड्या रुपयांत मिळतो. त्याला १२ व्होल्ट दिले की तो ५ व्होल्ट बाहेर देतो. लॅबमध्ये मीटर लावायचा, ५ दिसले की जर्नलवर सही. मुलाखतीतला प्रश्न त्यापुढचा होता: त्यातून अर्धा अँपियर करंट घेतला तर? मधले ७ व्होल्ट कुठेतरी जाणारच. ७ गुणिले अर्धा, म्हणजे साडेतीन वॅट उष्णता. हीट सिंक नसेल तर आयसी इतका तापतो की स्वतःला वाचवायला बंद पडतो. गुणाकार तिलाही येतो हो! पण तो करायची वेळच कधी आली नाही.

अभ्यासक्रम आणि उद्योग यांच्यातलं अंतर हे असं असतं. प्रयोगशाळेत एकदा चालणं वेगळं, गिऱ्हाइकाकडे रोज चालणं वेगळं. आपल्या शहराला हे माहीत आहे. १९६७ मध्ये इथे ईसीआयएल उभी राहिली, तिच्यामागे ट्रॉम्बेतल्या संशोधनाचा अनुभव होता. तिथलेच शास्त्रज्ञ डॉ. ए. एस. राव यांनी ती उभारली. ट्रॉम्बेत तयार झालेला टीडीसी-१२ हा संगणक पुढे ईसीआयएलने बनवून विकला.

मग कॉलेजने काय करावं? नुसतं नवं सॉफ्टवेअर आणून भागणार नाही. सॉफ्टवेअर बदलतं, ओहमचा नियम राहतो. त्यापेक्षा शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक बोर्ड स्वतः बनवावा. सुटे भाग निवडावेत, सोल्डरिंग करावं, लोड लावून तासभर चालवावा. सरांनी मुद्दाम एक बिघाड करून द्यावा, मुलांनी तो शोधावा आणि काय झालं ते दोन पानांत स्वच्छ लिहावं. डेटाशीट नीट वाचणं आणि रिपोर्ट समजेल असा लिहिणं, यात आपण भाषेची मुलंही त्यांना मदत करू शकतो.

मैत्रीण काल कोठीहून एक ७८०५ आणि दहा ओहम, पाच वॅटचा रेझिस्टर घेऊन आली. हीट सिंक न लावता जोडलं. थोड्याच वेळात पाच व्होल्ट कोसळले. मार्क कुणी दिले नाहीत, पण तिने वहीत वेळ लिहून ठेवली.