मोडीचे वळण आणि छापखान्याचा खिळा

पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला जुनी मंडळी अजून पेशवे दफ्तर म्हणतात, रुमालांत बांधलेला एखादा मोडी लिपीतला कागद उलगडला, तर प्रथम नजरेत भरते ती पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड ओढलेली रेघ. ती कारकुनाने आधीच ओढून घेतलेली असे. अक्षरे मागाहून तिच्याखाली, बोरू शक्य तितका कमी उचलत, किंचित उजवीकडे कलती आणि एकमेकांत गुंतलेली अशी उतरत. शब्दाशब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. फडावर, म्हणजे सरकारी कचेरीत, हुकूम, सनदा आणि जमाखर्च यांच्या नकलांचा जो रगाडा रोज उपसावा लागे, त्याच्या निकडीतून हा संक्षेप आला. पण हात सरावला, तेव्हा त्या त्वरेतूनच डौल निर्माण झाला आणि चिटणिशी, महादेवपंती, रानडी अशी निरनिराळी वळणे नावारूपास आली.

हा डौल छापखान्याच्या मात्र पचनी पडला नाही. बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यात विल्यम केरी यांनी १८१० साली आपला मराठी कोश मोडी खिळ्यांत छापला खरा. परंतु खिळा म्हणजे चारी बाजूंनी बंदिस्त असलेले एकेक स्वतंत्र अक्षर, आणि मोडीत तर काना वा वेलांटी लागताच मूळ अक्षराचे रूपच पालटते. त्यामुळे खिळ्यांची संख्या वाढत जाते आणि सांधे जुळले नाहीत, तर शिरोरेषा जागोजागी तुटते. शिळाछापावर हस्तलेख जसाच्या तसा उतरत असल्याने मोडी तेथे अधिक सुखाने नांदली. पुढे १९१७ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने कारभारात बालबोधीला, म्हणजे देवनागरीला, पसंती दिली आणि मोडीची उतरती कळा पक्की झाली.

२०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्थान मिळाले, आणि शेजारचे चिन्ह पाहून अक्षराचे रूप आपोआप बदलणे, जे शिशाच्या खिळ्याला अवघड होते, ते संगणकीय फॉन्टला साधू लागले. तरीही या लिपीचा उपयोग जपूनच करावा. निमंत्रणपत्रिकेचा मथळा, ग्रंथाचे मुखपृष्ठ किंवा घरावरची पाटी, अशा चार-दोन शब्दांच्या जागी ती शोभते. परिच्छेदच्या परिच्छेद तिच्यात जुळवले, तर आजचा वाचक हात टेकतो. अक्षरे मोठी ठेवावीत, त्यांमधील अंतर वाढवू नये, कारण तसे करताच शिरोरेषा खंडित होते; आणि शेजारी तोच मजकूर बालबोधीत द्यावा. शिवाय ज्या मोडी शब्दाची योजना करावयाची, तो छापण्यापूर्वी जाणकाराकडून वाचून घेणे अगत्याचे आहे. पुण्यात मोडी शिकवणारे वर्ग चालतात आणि वाचणारी माणसे आहेत. तेव्हा केवळ नक्षी म्हणून चुकीचे अक्षर छापण्यास या शहरात तरी कोणाला सबब उरत नाही.