कागदाची विक्रांत

१९६१ साली नौदलात आलेली आपली पहिली विमानवाहू नौका 'आयएनएस विक्रांत' २०१४ मध्ये मुंबईच्या दारूखान्यात मोडीत निघाली. कोल्हापुरातल्या घरात मात्र ती कागदाची बांधता येते. मूळ लांबी सुमारे २१३ मीटर. कागदी जहाजांसाठी रूढ असलेल्या १:२५० प्रमाणात ती ८५ सेंटिमीटर भरते. तेव्हा आधी कपाटावरची जागा मोजा!

खरी कसोटी सांगाड्याची. लांब उभी पट्टी हा कणा. तिला खाचा पाडून त्यांत आडवे छेद बसवायचे. एखादा छेद मिलिमीटरभर वर राहिला, तरी वरची धावपट्टी फुगते. घडीच्या रेघेवरून आधी रिकामं बॉलपेन फिरवावं, म्हणजे घडी धारदार पडते. बाहेरचं अंग वळवताना कागदाचे तंतू पाहावेत: त्यांना समांतर वळवला तर तो सहज गोलावतो, आडवा वळवला की सुरकुततो. फेव्हिकॉल टूथपिकच्या टोकाने, जेमतेम. कापलेल्या पांढऱ्या कडांना करडा जलरंग लावल्याशिवाय जहाज काही लोखंडी वाटत नाही.

इथल्या पावसाळ्यात पुठ्ठ्यावर डकवलेले भाग रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवावेत. नाहीतर सकाळी कणा वाकडा.