बासरीसाठी ट्यूनर घेताय? आधी हे वाचा



मी दिवाळ्यात चौथीच्या वर्गाला शिकवते. गणपतीच्या सुट्टीनंतर वर्गातला एक मुलगा बासरी घेऊन आला. परिपाठाला वाजवायची म्हणून मी मोबाईलवर ट्यूनर लावून त्याचा सराव घ्यायला बसले. सा आणि प छान हिरव्या रेषेवर आले, पण ग वाजवला की काटा डावीकडे. "सूर उतरतोय, जरा जोरात फुंक," असं मी चार दिवस सांगत राहिले. पाचव्या दिवशी त्याने बासरी आणलीच नाही. चूक माझी होती, ती कशी ते पुढे सांगते. तुमच्या मुलाच्या बाबतीत तसं होऊ नये म्हणून हा लेख.

ट्यूनर करतो काय?

वाजलेला सूर कोणत्या पट्टीच्या जवळ आहे आणि त्यापासून किती वर किंवा खाली आहे, एवढंच तो दाखवतो. पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे १०० भाग केले, की एका भागाला सेंट म्हणतात. सगळं मोजमाप 'ए' म्हणजे ४४० हर्ट्झ धरून होतं.

घेताना काय बघावं?

१. क्रोमॅटिक असावा. म्हणजे बाराही सूर ओळखणारा. फक्त गिटारसाठी बनवलेला ट्यूनर ठरावीक तारांचेच सूर दाखवतो, तो आपल्या कामाचा नाही.

२. मायक्रोफोनवर चालणारा असावा. चिमट्याचा ट्यूनर गिटारच्या लाकडाची थरथर पकडतो. बासरीत सूर निर्माण होतो तो आतल्या हवेच्या थरथरीतून, बांबू फारसा हलत नाही. त्यामुळे चिमटा लावून काटा नुसता भरकटतो.

३. ४४० चा आकडा दिसावा आणि बदलता यावा. मुलांच्या हातून तो ४३५ वगैरे होतो आणि मग सगळेच सूर चुकीचे दिसतात. सरावाआधी एकदा बघायची सवय लावा.

४. सूर ऐकवणारा असेल तर उत्तम. नुसता काटा डोळ्यांना कामाला लावतो. ऐकवलेला सूर कानाला.

सुरुवातीला मोबाईलवरचं मोफत ॲप पुरतं. फक्त पंखा बंद करा, नाहीतर काटा पंख्याच्या आवाजावरही नाचतो.

खरा उपयोग दुकानात

लहान हातांना 'सी', म्हणजे पांढरी एकची, साधारण दीड फुटी बासरी बरी पडते. वरची तीन छिद्रं बंद करून सा वाजवा. ट्यूनरवर 'सी' यायला हवा. मग तशाच फुंकेने प आणि वरचा सा तपासा. आठ-दहा सेंटचा फरक चालतो. पण वरचा सा पुन्हापुन्हा वीस-तीस सेंट खाली येत असेल तर ती बासरी ठेवून द्या. एकसंध बांबूची बासरी नंतर ओढून लांब-आखूड करता येत नाही. आपण मुलाला दोष देत बसतो आणि दोष असतो बांबूत. शक्य असेल तर वाजवता येणाऱ्या माणसालाच सोबत न्या, कारण नवशिक्याच्या फुंकेने तपासणी होत नाही.

काटा हलला म्हणजे मूल चुकलं असं नाही

बासरीतली हवा एक अंश तापली की सूर सुमारे तीन सेंट चढतो. म्हणून सकाळी पहिली दोन-तीन मिनिटं बासरी नुसती वाजू द्या, मग मोजा. जोरात फुंकलं की सूर चढतो, बासरी ओठांकडे वळवली की उतरतो. मुलाला हे स्वतः करून पाहू द्या. परिसर अभ्यासाचा एक तासही होतो.

आता त्या ग बद्दल. ट्यूनर पेटीसारखा बारा समान भागांत विचार करतो, त्याचा ग सा पासून ४०० सेंटवर असतो. तानपुऱ्याशी जुळणारा शुद्ध ग मात्र सुमारे ३८६ सेंटवर असतो. हा ग तानपुऱ्याच्या सा च्या तारेतच बारीक ऐकू येतो. म्हणजे माझा विद्यार्थी चौदा-एक सेंट 'उतरत' होता तेव्हा तो कदाचित बरोबर ऐकत होता, आणि मी त्याला जोरात फुंकायला सांगून तो सूर बिघडवत होते! प ला फरक जेमतेम दोन सेंटचा, म्हणून तो हिरवा दिसायचा.

पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी बासरी मैफिलीत नेली, लांब बासऱ्या घडवल्या, तेव्हा असं यंत्र कुणाच्या खिशात नव्हतं. कान होता, तानपुरा होता.

सराव असा घ्या

तानपुऱ्याचं ॲप लावा. मुलाने डोळे मिटून सा लांब धरावा, स्थिर वाटला की मगच डोळे उघडून काटा बघावा. ट्यूनर फक्त सा आणि प साठी. बाकीचे सूर तानपुऱ्यावर, कानाने.

आमच्या कोळीवाड्यात मासळीचा वाटा नजरेने लावतात. ती नजर रोज वाटे लावूनच तयार होते, काट्याकडे बघून नाही. कानाचंही तसंच.

त्या मुलाला मी वर्गासमोर सांगितलं, "तुझा ग बरोबर होता, बाईंचं चुकलं." दुसऱ्या दिवशी दप्तरातून बासरी डोकावत होती.

तुमच्या शाळेत कोणती वाद्यं शिकवता, जरूर कळवा.