अनुदानाची वाट – भाग ५ : सेंद्रियाची तीन वर्षं

गेल्या आठवड्यात आपण खतांच्या अनुदानाचा हिशेब पाहिला. युरियाची 45 किलोची गोणी शेतकऱ्याला 266 रुपये 50 पैशांना मिळते आणि वरचा खर्च केंद्र सरकार खत कंपनीला देतं. 2022-23मध्ये खतांवर असे अडीच लाख कोटींहून जास्त रुपये गेले. दुकानात अंगठा लावला की शेतकऱ्याचं काम झालं. तीच गोणी सोडायची म्हटली, की मात्र गट बांधा, नोंदवही ठेवा, हप्त्याची वाट पाहा.

2015-16मध्ये सुरू झालेल्या परंपरागत कृषी विकास योजनेत गटाने सेंद्रिय शेती करणाऱ्यांना तीन वर्षं मदत मिळते. ही तीन वर्षंच सर्वांत कठीण असतात. युरिया बंद केल्यावर अनेकदा उतारा घटतो. शेणखत, निंबोळी अर्क, जीवामृत यांची मजुरी वाढते आणि मालाला भाव मिळतो तो साधाच, कारण पूर्ण सेंद्रिय प्रमाणपत्र हा काळ संपल्यावरच हाती येतं. अनुदानाची खरी गरज या खिंडीतच असते.

आधी तीन वर्षांसाठी हेक्टरी 50 हजार रुपयांची तरतूद होती आणि त्यातले 31 हजार निविष्ठांसाठी शेतकऱ्याच्या खात्यात जायचे. आता एकूण 31,500 आणि थेट मिळणारे 15 हजार; बाकीचे प्रशिक्षण, प्रमाणीकरण, विक्रीव्यवस्था यांवर. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती एकरी वर्षाला जेमतेम 2 हजार रुपये. एवढ्यात खिंड ओलांडता येत नाही, आणि पैसे पेरणीनंतर आले तर तेवढाही आधार उरत नाही.

आता गोठ्याकडे वळू, कारण शेणखत तिथूनच येतं. दूध भुकटीचे दर पडले, गाईच्या दुधाचा भाव कोसळला, तेव्हा 2024च्या जानेवारीत राज्याने लिटरला 5 रुपये अनुदान सुरू केलं. जुलैपासून अट होती, की 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफच्या दुधाला डेअरीने 30 रुपये द्यावेत, वर सरकारचे 5. ऑक्टोबरपासून 28 अधिक 7. म्हैस त्यातून वगळलेली. गाईच्या कानात बिल्ला हवा होता, तिची ऑनलाइन नोंद हवी होती, बँक खातं आधारशी जोडलेलं हवं होतं. बिल्ल्याचा नंबर चुकला, की दूध घालूनही अनुदान अडकायचं.

ही मदत दुधापुरती होती. त्याच गाईचं शेण शेतकऱ्याच्या रानात खत म्हणून पडतं, याची दखल तिच्यात कुठेच नव्हती. सप्टेंबर 2024मध्ये देशी गाईंसाठी रोज 50 रुपये जाहीर झाले, तेही गोशाळांना. शेतकऱ्याच्या दावणीच्या गाईला नाहीत.

मला हे मनापासून खटकतं, कारण जोडणी करायला लागणारी माहिती सरकारजवळ आहे. बिल्ल्याचा नंबर मालकाच्या नावावर, सातबारा त्याच नावावर, सेंद्रिय गटाची यादीही तयार. या नोंदी एकमेकींशी ताडल्या, तर बदलाच्या तीन वर्षांत गटातल्या शेतकऱ्याला त्याच्या बिल्ला मारलेल्या जनावरामागे, गाय असो की म्हैस की बैल, शेणखतासाठी ठरावीक रक्कम मृगाआधी खात्यात देता येईल. त्यासाठी आज वेगवेगळ्या खात्यांकडे असलेल्या या याद्या एका टेबलावर याव्या लागतील.

(पुढील भागात : गटाचं प्रमाणपत्र कोण देतं, कसं तपासतं)